पाळक नसलेला रविवार

साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये रविवार नावापुरताच उरतो. पाऊस लागला, पऱ्हे तयार झाले, बांधीत चिखल झाला की घरातली सगळी माणसे रोवणीला जातात. ज्याची स्वतःची शेती नाही तो दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला जातो, आणि रोवणीची मजुरी वार पाहून मिळत नाही. सहानगडच्या जुन्या किल्ल्याच्या या गावाभोवतीचा सारा मुलूख तलावांचा आणि धानाचा. अशा गावात पाच-सात घरांची नवी ख्रिस्ती मंडळी सुरू झाली, तर तिची पहिली खरी परीक्षा कोण घेईल? विरोधक घेईल असे सहसा मानले जाते. मला वाटते, ती रोवणीतला रविवार घेतो. सकाळी दहाला कोणी येणार नाही हे ठाऊक असते, पाळक तीस-चाळीस किलोमीटरवरून यायचा असतो आणि तोही त्या दिवशी दुसऱ्या गावी अडकलेला असतो. त्या दिवशी उपासना रात्री आठला, कुणाच्या तरी ओसरीवर, तिथल्याच एखाद्या माणसाने चालवली तर ती मंडळी आहे. नाही चालवली तर ते एका उत्साही माणसाचे काम आहे, आणि तो दमला की संपणार आहे. आरंभाचे कौतुक फार होते. आरंभानंतरच्या व्यवस्थेकडे, म्हणजे गीत कोण उचलणार, अर्पण कोण मोजणार, आजाऱ्याकडे कोण जाणार या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींकडे, कुणी लक्ष देत नाही. मंडळी जगते किंवा मरते ती मात्र तिथेच.

मराठी ख्रिस्ती इतिहासातले याचे सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. पुढे त्यांनी मराठी उपासनेला भजन-कीर्तनाचा घाट दिला. आजही मराठी मंडळ्यांत त्यांची गीते नसलेली उपासना क्वचितच होते. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना धाडसी होती: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका बंधुभावात यावेत, आणि त्याला परदेशी संस्थेचा टेकू नसावा. मे 1919 मध्ये टिळक वारले. दरबाराला पुरती दोन वर्षेही त्यांचा सहवास मिळाला नव्हता, आणि त्यांच्यामागे तो संस्था म्हणून उभा राहिला नाही. कल्पना खोटी होती म्हणून तो गेला असे मला वाटत नाही. त्यातले सारे काही टिळकांच्या ठायी होते: प्रतिभाही, अधिकारही, माणसे धरून ठेवणारा जिव्हाळाही. याच टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अर्धवट राहिले होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. काव्याला घरातच वारस मिळाला, दरबाराला मिळाला नाही. गीते टिकली त्यालाही कारण आहे: ती म्हणायला टिळक लागत नव्हते. गावातली अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा ती पाठ म्हणू शकत होती आणि दुसरीला शिकवू शकत होती.

याच्या उलट दाखला नागपूरचा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले आणि सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. काम मात्र बुडाले नाही. शाळा चालत राहिली आणि 1883 मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. मागे एक संपूर्ण चर्च उभे होते, दुसरा माणूस पाठवू शकत होते. पण यातही मेख आहे. दुसरा माणूसही तिकडूनच येणार, पगारही तिकडूनच येणार, म्हणजे गावातल्या मंडळीला वारस घडवण्याची निकडच उरत नाही. हा धोका त्या काळीही कळला होता. अमेरिकन मराठी मिशन ज्याच्या हाताखाली होते त्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि अहमदनगरच्या मिशनपुढे त्यांनी हाच मुद्दा मांडला: मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः सांभाळावा, मोठे केंद्र फुगवण्यापेक्षा खेड्यांत लहान मंडळ्या आणि त्यांचे देशी पाळक उभे करावेत. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरच्या मंडळ्यांचे पाळकपद मिळाले. अँडरसन यांच्या धोरणाची दुसरी बाजूही आहे; इंग्रजी शिक्षणाला त्यांनी घातलेली कात्री अनेकांना जाचली, आणि तो राग गैरवाजवी नव्हता. तरी मंडळीचा कर्ता माणूस मंडळीतलाच हवा, हे त्यांचे म्हणणे नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या मंडळ्यांनी खरे करून दाखवले.

इथे भाविक वाचक हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. मंडळी पवित्र आत्म्याने चालते, वह्या आणि समित्यांनी नाही. व्यवस्था आली की ऊब जाते. पण या हरकतीचे उत्तर खुद्द उत्साहाच्या इतिहासातच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जॉन वेस्ली हे दोघे समकालीन प्रचारक होते. वक्ता म्हणून व्हाइटफील्ड सरस, हे बहुतेक सगळे मान्य करतात. टिकाऊ संघटना मात्र वेस्लींच्या मागे राहिली. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे होते. दर माणशी आठवड्याला एक पेनी, आणि सुमारे बारा माणसांमागे ती गोळा करणारा एक, असे ठरले. गोळा करणारा घरोघरी जाऊ लागला तेव्हा त्याला कळले की कोण आजारी आहे, कोण दारूकडे परत वळला आहे, कुणाच्या घरी भांडण आहे. कर्जफेडीची सोय म्हणून निघालेली ही पद्धत बघता बघता मेथडिस्टांच्या ‘क्लास’मध्ये, म्हणजे एकमेकांची खबर ठेवणाऱ्या लहान गटात बदलली. ऊब व्यवस्थेने घालवली नाही. तिला बसायला जागा दिली. प्रेषित पौलाचेही तेच. पुष्कळ गावांत तो फार थोडे दिवस राहिला, पण पहिल्या दौऱ्यात परतीच्या वाटेवर गावोगावी वडील नेमून पुढे गेला आणि करिंथच्या लोकांना दर आठवड्याला थोडे बाजूला काढून ठेवायला सांगितले.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो उघड बोललेला बरा. लहान मंडळी बाहेरच्या पैशावर सुरू होणे सोपे आणि त्यातून बाहेर पडणे महाकठीण. 2020 मध्ये विदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली; नोंदणी असलेल्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून गावातल्या गटाकडे झिरपणारी धार त्यामुळे आटली. याकडे केवळ जाच म्हणून पाहणारे आहेत, जाच आहेही. पण ज्या मंडळीचा कंदील त्या धारेवर पेटत होता ती तशीही फार काळ टिकली नसती. मिझोराममध्ये पहिले मिशनरी 1894 मध्ये पोचले आणि 1910 पासून तिथल्या बायकांनी एक रीत पाडली: भात शिजवायला घेताना दर वेळी मूठभर तांदूळ वेगळा ठेवायचा आणि तो मंडळीला द्यायचा. रोख पैसा नसलेल्या घरांची ही रीत पुढे तिथल्या चर्चच्या उत्पन्नाचा भक्कम आधार झाली, आणि ती आजही चालू आहे. सानगडीचा मुलूखही धानाचाच आहे. इथल्या मजूर घरात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचे, मेमध्ये तेंदूपत्त्याचे आणि रोवणी-कापणीला मजुरीचे पैसे येतात. दर रविवारी दहाची नोट मागितली तर अर्धे वर्ष माणूस शरमेने यायचेच टाळील. मूठभर तांदूळ तो कोणत्याही दिवशी देऊ शकतो. त्या तांदळाची नोंद दोघांनी मिळून करावी, दोघांच्या सह्या असाव्यात आणि महिन्याला ती सगळ्यांसमोर वाचली जावी. पैशावरून फुटलेल्या गटांची कहाणी पुष्कळदा एकाच्याच खिशात राहिलेल्या किल्लीपासून सुरू होते.

पण लहान गट कितीही स्वावलंबी असला तरी दोन प्रसंगी तो एकटा पुरत नाही: लग्न आणि मरण. 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार दीक्षित पाळकाला, परवानाधारक धर्मसेवकाला किंवा विवाह निबंधकाला आहे. ओसरीवर उत्तम प्रार्थना चालवणाऱ्या भल्या माणसाने लावलेले लग्न पुढे वारसाहक्काच्या कागदावर अडकू शकते. मरणाचे तर त्याहून नाजूक. पुरायचे कुठे? शेजारच्या छत्तीसगडात, बस्तरमधल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 27 जानेवारी 2025 रोजी दोन न्यायमूर्तींचे मत वेगवेगळे पडले आणि अखेर गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करावे, असा आदेश झाला. नव्या मंडळीने यातून काय घ्यावे? दफनभूमीची बोलणी कुणी मरण्याआधी करावीत, ग्रामपंचायतीशी आणि तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या मंडळीशी, शांतपणे, लेखी. हे काम प्रवचनाइतके तेजस्वी नाही. पण ज्या घराने आपल्या म्हाताऱ्याची माती सन्मानाने झालेली पाहिली, ते घर मंडळी सोडत नाही.

मग अशा गटाने सरळ शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये विलीन का होऊ नये, हा प्रश्न उरतो. एसटीने साकोली, तिथून भंडारा किंवा गोंदिया. तिथे इमारत आहे, पेटी-तबला आहे, पाळक आहे. हिशेब बरोबर वाटतो, पण चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी धरली की वर्षातून नाताळ आणि ईस्टर एवढेच जाणे उरते. उत्तर भारतीय चर्चने यावर जुनी तोड वापरली आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र येऊन हे चर्च स्थापन झाले, आणि त्याच्या रचनेत पास्टोरेट ही पायरी आहे: अनेक लहान मंडळ्या, त्यांचा मिळून एक दीक्षित पाळक आणि एक समिती. पाळक फिरतीवर असतो. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न त्याच्या हातून होते. बाकीचे रविवार गावातल्याच माणसांचे. ही रचना निर्दोष नाही. एका पाळकाकडे फार गावे आली की तो नुसता सह्या करणारा होतो, आणि वर मालमत्तेचे वाद पेटले की खालच्या मंडळ्यांना कुणी विचारत नाही. शिवाय पुष्कळ नवे गट कोणत्याच मोठ्या चर्चचे नसतात आणि तसे राहणेच पसंत करतात. त्यांनी नाव वेगळे ठेवावे. पण अधिकार असलेला एखादा पाळक आणि आसपासच्या दोन-तीन मंडळ्या यांच्याशी बांधिलकी तरी ठेवावी.

शेवटची हरकत बाहेरून येते. एवढी बांधणी म्हणजे धर्मांतराची यंत्रणाच, असे गावात कुणी म्हणेल. मला तर उलटे दिसते: संशय वाढतो तो बंद दारामागच्या, हिशेब नसलेल्या, एकाच पाहुण्या माणसाभोवती जमणाऱ्या सभेबद्दल. ज्या मंडळीची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे, जिचा जमाखर्च कुणालाही पाहता येतो, जिचे वडील गावातलेच शेतकरी-मजूर आहेत आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, शेजारच्या लग्नात, पुरात सगळ्यांसोबत दिसतात, तिच्याशी वाद घालणारेही तिला ओळखून वाद घालतात. त्याने वाद संपतो असे नाही. बस्तरच्या त्या पाळकाचे गावही त्याला ओळखत होतेच. पण मंडळी एकाच माणसाभोवती जमलेली राहू नये, एवढे तरी हातात असते. म्हणून संस्थापकाने पहिल्याच वर्षी एक तारीख ठरवावी, आणि त्या तारखेनंतर महिन्यातले दोन रविवार मुद्दाम गैरहजर राहावे. त्या रविवारी गीत चुकीच्या पट्टीत लागेल, वाचन अडखळेल, प्रार्थना लांबेल. पुढच्या आठवड्यात त्याने येऊन ते सुधारत बसू नये.