दाखला एप्रिलमध्येच काढायचा

भोरहून वरंधा घाटाकडे निघालं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या अंगाने हिर्डोशी लागतं. हिरडस मावळातलं हे गाव भाताचं आणि धो धो पावसाचं. कॉलेजप्रवेशाची धावपळ, भाताची लावणी आणि पाऊस इथं एकदमच येतात. फी-सवलतीच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांकडे इथून पाहिलं की शहरातून न दिसणारी अडचण दिसते.

यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ईबीसी फी-सवलत सुरू झाली आणि गरीब शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजचं दार उघडलं. पुण्यात राहायचं कुठे, हा प्रश्न 1955 साली स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातल्या कितीतरी मुलांपुरता सोडवला. पुढे ईबीसीच्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आली, उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांपर्यंत गेली. 2017 पासून अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर गेले. पैसे थेट खात्यात, हे चांगलंच झालं. पण रेंज नसलेल्या वाडीतल्या मुलाला ओटीपीसाठीही भोर गाठावं लागू लागलं.

खरी गाठ उत्पन्नाच्या दाखल्याशी. त्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून नवा दाखला एप्रिलपासून काढता येतो. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, सातबारा, सेतू केंद्रातला अर्ज, मग तहसीलदारांची सही. एप्रिल-मेमध्ये हे निवांत होतं. जूनमध्ये सेतूसमोर रांग लागते, सर्व्हर अडतो, घरात लावणीला माणूस कमी पडतं. दाखला हातात आला तरी बँक खातं आधारशी सीड झालेलं नसलं की मंजूर रक्कमही अडकून पडते. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का, हेही एप्रिल-मेमध्येच पाहून घ्यावं.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मला हा या सगळ्या काळातला मोठा निर्णय वाटतो. मावळातल्या मुलीला इंजिनिअरिंग-फार्मसीसाठी घरात आता फीवरून वाद घालावा लागू नये. पण तिथेही उत्पन्नाचा दाखला लागतोच.

2025 साली बारावीचा निकाल 5 मे रोजीच लागला. दाखल्यासाठी जूनच्या रांगेआधी जवळजवळ महिना मिळाला. राखीव प्रवर्गातल्या मुलांना मात्र तेवढा वेळ पुरत नाही. जात पडताळणीचा अर्ज त्यांनी अकरावीतच कॉलेजमार्फत टाकलेला बरा.