गढी बघताना भिंतींकडे बघा

करमाडहून जालना रस्त्याने पुढे गेलं की जालन्यापलीकडे सिंदखेडराजा लागतं. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून आपण हात जोडतो आणि निघतो. पण लखुजीराव जाधवांचा हा राजवाडा सावकाश बघा, विशेषतः त्याचं महाद्वार.

मराठवाड्यातल्या देशमुख-पाटलांच्या गढ्यांचा थाट साधा असे. खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, कोपऱ्यांना बुरूज. आत आड आणि धान्याची पेवं, म्हणजे वेढा पडला तरी काही दिवस निभावायचं. वर माळवद, भर उन्हाळ्यात आत गारवा. मात्र त्यावर दरवर्षी माती टाकावी लागते, नाहीतर पाणी मुरून सगळं खचतं.

इंग्लंडमध्येही जमीनदारांचे असे तटबंदीचे वाडे होते. स्टोकसे इथला वाडा लोकरीच्या व्यापाऱ्याचा. 1291 मध्ये त्याने तटबंदीसाठी राजाकडून रीतसर परवाना घेतला! तो वाडा आजही उभा आहे.

आपल्या वेरूळच्या मालोजीराजांच्या गढीचे मात्र अवशेषच उरलेत. 1949 मध्ये हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या गेल्या, डागडुजीचा पैसा आटला. कित्येक गढ्यांची पांढरी माती तर गावकऱ्यांनीच आपापल्या माळवदांसाठी खणून नेली.