जळक्या रानातल्या केशरी वाट्या

कराडच्या पंचक्रोशीत ऊसतोड उरकली की फडात पाचट उरते आणि अजूनही कित्येक ठिकाणी ते पेटवले जाते. मग खोडव्याला पाणी सुटते. चार-आठ दिवसांनी बांधावरून चालताना काळ्या बुडख्यांवर केशरी भुकटी दिसते. हात लागला की बोटे रंगतात.

ही न्यूरोस्पोरा नावाची बुरशी. हिचे काही बीजाणू आगीची धग लागल्याशिवाय रुजतच नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना जागे करायला ६० अंश सेल्सिअसचा अर्धा तास पुरतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमेश माहेश्वरी यांनी कर्नाटकातल्या जळक्या उसावर हिचा जीवनक्रम अभ्यासला आणि तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. बीडल आणि टेटम यांना १९५८ सालचे नोबेल मिळवून देणारे प्रयोग याच प्रजातीच्या बुरशीवर झाले होते.

पण केशरी दिसले म्हणजे न्यूरोस्पोराच, असे नाही. नजर बुडख्यावरून खाली, भाजलेल्या मातीवर न्यावी. तिथे भुकटीऐवजी मोहरीएवढ्या वाट्या असतील, तर मामला वेगळा. वाटीच्या आकाराच्या ज्या बुरशा जळक्या जमिनीवर येतात, त्यांत पायरोनेमा सर्वांत घाईची. आग विझून ओल मिळाली की थोड्याच दिवसांत पांढऱ्या तंतूंच्या जाळीवर तिच्या गुलाबी-केशरी वाट्या दाटीवाटीने उगवतात, इतक्या की कडा एकमेकींत मिसळून सलग साय धरल्यासारखी दिसते. वाफेने निर्जंतुक केलेल्या कुंडीतल्या मातीवरही ती येते. कारण उघड आहे: उष्णतेने स्पर्धक मेलेले असतात आणि राखेने मातीची आम्लता उतरलेली असते. पायरोनेमाच्या एका जातीत कोळशातले चिवट कार्बनी पदार्थ पचवणारी जनुके जळक्या मातीवर कामाला लागतात, हे अमेरिकी संशोधकांनी २०२१ साली दाखवले.

वाट्या सुट्या, जरा मोठ्या आणि काठावर तपकिरी केसांचे झुपके असतील, तर अँथ्रकोबियाचा विचार करावा. हे झुपके दहापट भिंगाखाली स्पष्ट दिसतात. भिंगाचे काम इथवरच. पुढे सूक्ष्मदर्शक लागतो. वाटीचा पातळ काप घेतला की उभ्या नळ्या दिसतात, बहुधा प्रत्येकीत आठ बीजाणू, आणि नळीच्या टोकाला उघडणारे इवलेसे झाकण. आयोडीनच्या द्रावणाने नळ्यांची टोके निळी झाली, तर ती पेझिझा असण्याची शक्यता मोठी. पायरोनेमा आणि अँथ्रकोबिया निळ्या होत नाहीत. बीजाणू जांभळे दिसले, तर अ‍ॅस्कोबोलस. नुसत्या फोटोवरून जात ठरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे, हे इथे ठासून सांगायला हवे.

शोधायला जागा भरपूर आहेत. आगाशिव, सदाशिवगडासारख्या गवताळ डोंगरांवरचे वणव्याचे पट्टे, पाटणकडे भाताच्या तरव्यासाठी भाजलेले राब, गुऱ्हाळाच्या चुलवणाभोवतीची माती. पहिल्या पावसानंतर या जागा आठवड्याला एकदा पाहाव्यात. यासाठी मुद्दाम काडी मात्र लावू नये. पाचट जाळले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो, आणि ते नुकसान कुठल्याही वाटीने भरून निघत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे. राज्यातल्या बुरशांचे वाळवलेले नमुने तिथे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत. अशा संग्रहाला चांगल्या नोंदीचा नमुना हवा असतो, आणि ती नोंद कराडच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही करू शकतो. वाट्या मातीच्या पापुद्र्यासकट उचलाव्यात, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर तारीख, गाव, काय जळले होते, आगीनंतर कितवा दिवस आणि ताजेपणीचा रंग लिहावा. रंग आधी लिहा. वाळल्यावर तो उडतो.