वॅटचा हिशेब आणि पन्हाळ्याचा चढ

गेल्या दहा-बारा वर्षांत कोल्हापुरात पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणारे डोळ्यांत भरावेत इतके वाढले. कुणी शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याला, कुणी रंकाळ्यावरून राधानगरीच्या रस्त्याला, सुट्टी असली तर थेट गगनबावड्याला. आयर्नमन शर्यतींना जाणारे कोल्हापूरकर वाढले, राजाराम तलावावर बर्गमन ट्रायथलॉन भरू लागली, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या बीआरएम राईड नेहमीच्या झाल्या. या सगळ्याबरोबर मोबाईलमध्ये आलेख आले. आधी स्ट्रावा, मग ट्रेनिंगपीक्स, गोल्डनचीता, इंटरव्हल्स. चहाच्या टपरीवर आता टायरच्या बरोबरीनं चर्चा होते ती वर्गणीची: या सॉफ्टवेअरला पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

एवढ्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय. अर्थ आहे. पण बहुतेकजण ज्या अपेक्षेनं ते घेतात, त्यासाठी नाही.

सुरुवातीच्या वर्षांत स्ट्रावा म्हणजे सेगमेंट, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. वाघबीळपासून वर पन्हाळ्यापर्यंत कुणाला किती मिनिटं लागली, यादीत कोण कुठे आहे, हे घरी पोचायच्या आत पाहिलं जायचं. त्यातून हुरूप आला हे खरंच. जे एरवी अंथरुणातून उठले नसते ते पाचला पुलावर हजर असायचे. मे २०२० मध्ये स्ट्रावानं संपूर्ण यादी पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली, तेव्हा बरेचजण हळहळले. पण त्या यादीनं एक वाईट सवयही लावली होती. प्रत्येक सकाळ शर्यतीची झाली. पूर्ण जोर लावायला पाय ताजे नसायचे आणि सावकाश चालवायला मन तयार नसायचं. सगळ्या राईड मधल्याच कुठल्यातरी पट्टीत अडकल्या. धाप लागायची, घाम निथळायचा, आणि वर्षाअखेरीस वेळ मात्र तिथल्या तिथे.

हे पहिल्यांदा दिसलं ते हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखात. छातीला पट्टा बांधून महिनाभर राईड केल्या आणि कुठल्या पट्टीत किती वेळ गेला हे एकत्र पाहिलं, तर हलक्या सरावाचा रकाना जवळजवळ रिकामा निघायचा. नॉर्वेत काम करणारे शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यातली साधारण ऐंशी टक्के सत्रं हलकी असल्याचं त्यांना आढळलं. आमचं नेमकं उलटं चाललं होतं, आणि एकमेकांना सांगून ते पटलं नसतं. रंगीत पट्ट्या समोर आल्यावर पटलं. माझ्या लेखी सॉफ्टवेअरनं केलेलं सर्वांत मोठं काम हेच: कुठे आवरायचं ते त्यानं दाखवलं.

या आलेखांच्या मुळाशी असलेला विचार तसा जुना आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले एरिक बॅनिस्टर यांनी १९७५ च्या सुमारास मांडलं, की प्रत्येक सरावातून दोन गोष्टी जन्मतात, क्षमता आणि थकवा. थकवा लवकर चढतो आणि लवकर उतरतो. क्षमता हळू चढते आणि हळू उतरते. पुढे जर्मनीत उली शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकमध्ये बसणारा पॉवर मीटर आणला आणि पायांचा जोर थेट वॅटमध्ये मोजता येऊ लागला. शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी या दोहोंची सांगड घातली. तासभर टिकेल एवढ्या कमाल जोरावर तासभर सायकल चालवली तर त्या कष्टाला १०० गुण. रोजच्या गुणांची, ताज्या दिवसांना जास्त वजन देणारी, ४२ दिवसांच्या बेतानं काढलेली सरासरी म्हणजे क्षमता, ७ दिवसांच्या बेतानं काढलेली म्हणजे थकवा. वजाबाकी करून उरतो तो ताजेपणा. महागडं असो वा फुकट, जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर आतून हेच गणित करतं. २००६ मध्ये सुरू झालेलं गोल्डनचीता हे गणित एक पैसा न घेता करून देतं, तेही संगणकावर, स्वतःच्या ताब्यात. त्यामुळे जास्त पैसे म्हणजे जास्त अचूक उत्तर, असं मुळीच नाही.

आणि या गणिताला काय दिसत नाही, हे २०१९ च्या ऑगस्टनं दाखवलं. गोव्यात भारतातली पहिली आयर्नमन ७०.३ शर्यत २० ऑक्टोबरला होती. कोल्हापुरातले कितीतरीजण तिच्या तयारीत होते, आणि ऐन भरात असताना पंचगंगेनं शहराला वेढा घातला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पन्हाळ्याची वाट बंद झाली, सायकली माळ्यावर गेल्या. आता गणित पाहा. क्षमतेचा आणि थकव्याचा आकडा दोन्ही साठ असलेल्या माणसानं दहा दिवस सायकलला हात लावला नाही, तर क्षमता सत्तेचाळीसवर येते, थकवा तेरावर. वजाबाकी केली की ताजेपणा चौतीस. म्हणजे आलेख म्हणणार, गडी विश्रांती घेऊन टुणटुणीत झाला! प्रत्यक्षात तो माणूस दिवसभर घरातला गाळ उपसत होता, भिजलेल्या गाद्या आणि धान्याची पोती उचलत होता, रात्री धड झोपतही नव्हता. पाणी ओसरल्यावर अशा आकड्यावर विश्वास ठेवून कुणी थेट कडक सराव धरला असेल, तर गुडघे आणि पाठ बोलल्याशिवाय राहिली नसणार. पुन्हा २०२१ च्या जुलैत पूर आला, पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला, आणि पुन्हा तेच.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत: सत्र किती मिनिटांचं होतं, आणि दहापैकी किती जड गेलं, या दोन आकड्यांचा गुणाकार. गाळ उपसण्याला आठ द्या, तीन तासांच्या १८० मिनिटांनी गुणा, वहीत लिहा. आपल्या तालमींत वस्ताद हेच करत आलेत. जोर-बैठका मोजूनच काढल्या जातात, पण पहिलवानाची भूक मेली, चेहरा उतरला, की मोजणी बाजूला ठेवून वस्ताद त्याला मेहनत थांबवायला लावतात. झोप, भूक, पाय जड की हलके, हे रोज विचारणारा आणि आपण रोज प्रामाणिकपणे भरतो असा रकाना ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते माझ्या मते उत्तम. इंटरव्हल्समध्ये तो आहे आणि ते विनामूल्य वापरता येतं.

पॉवर मीटर नसेल तर हे सगळं फोल, असं दुकानात सांगितलं जातं. सपाट रस्त्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. कागलकडे जाताना वारा अंगावर असेल किंवा पुढच्या सायकलच्या आडोशाला चालवत असाल, तर सॉफ्टवेअरनं वेगावरून काढलेले वॅट निव्वळ अंदाज असतात. चढावर मात्र गुरुत्वाकर्षण हिशेब सोपा करतं. समजा सत्तर किलोचा माणूस, दहा किलोची सायकल, वीस मिनिटांत अडीचशे मीटर उंची. ऐंशी गुणिले ९.८ गुणिले २५०, भागिले १२०० सेकंद: १६३ वॅट नुसते वर चढायला लागले. टायरचं घर्षण आणि हवा यांचे वीस-तीस धरा. दर महिन्याला त्याच चढावर, तशाच हवेत ही चाचणी घ्या आणि पट्ट्याचे ठोके सोबत पाहा. तोच वेळ, कमी ठोके, म्हणजे सराव लागू पडतोय. एप्रिल-मेच्या उकाड्यात ठोके आपोआप वाढतात, त्यामुळे मेची तुलना जानेवारीशी करायची नाही. ज्या शहराच्या उशाला पन्हाळा आणि जोतिबाचे चढ आहेत, तिथल्या माणसानं पहिल्याच वर्षी मीटरला पैसे घालू नयेत, असं मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

मग वर्गणी कुणी भरावी? ज्याच्या समोर तारीख ठरलेली शर्यत आहे आणि ज्याचे आकडे दर आठवड्याला दुसरं कुणीतरी जाणतं माणूस वाचणार आहे, त्यानं जरूर भरावी. ट्रेनिंगपीक्सची खरी किंमत खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यातल्या त्या देवघेवीत आहे. रविवारी पन्हाळा आणि खाली आल्यावर मिसळ, एवढाच बेत असेल तर फुकटातलं भरपूर झालं.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच सायकलस्वारांची. हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेनं २०२० च्या गुवाहाटीतल्या खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली. तिला पाहून सायकलवर बसलेली मुलं-मुली आसपासच्या गावांत आहेत. आम्हा हौशी मंडळींच्या मनगटावर महागडी घड्याळं, आणि ज्यांचं पुढचं आयुष्य या खेळावर ठरू शकतं त्यांच्या सरावाची साधी नोंद नाही. वाढत्या वयात अतिसरावानं शरीर मोडण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. शहरातल्या एखाद्या क्लबनं एक पॉवर मीटर बसवलेला ट्रेनर सामायिक ठेवावा, महिन्यातून एका रविवारी गावोगावच्या मुलांना बोलावून वीस मिनिटांची चाचणी घ्यावी, आणि गोल्डनचीतात प्रत्येकाची फाईल उघडावी. आकडे वाचता येणारे डॉक्टर आणि इंजिनिअर आमच्याच पहाटेच्या घोळक्यात ढिगानं आहेत. एवढी वर्षं स्वतःचे आलेख न्याहाळून जे शिकलो, ते त्या मुलांच्या आईवडिलांना आणि क्रीडाशिक्षकांना समजावून सांगायला त्यांनी महिन्याचा तो एक रविवार द्यावा. त्या दिवशी पन्हाळा राहिला तरी चालेल.