विश्लेषण : जॅझच्या कॉर्डमध्ये स्वर सात, वाजवायचे मात्र चारच! असे का?

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांना तीन स्वरांच्या कॉर्ड लवकर जमतात. पण जॅझच्या कागदावर ‘जी १३’, ‘सी मेजर ९’ अशी चिन्हे दिसली की गाडी अडते. सगळे स्वर एकदम दाबायला हात पुरत नाही आणि पुरला तरी नुसता गलका होतो. या आकड्यांचा अर्थ काय आणि जाणकार वादक या कॉर्ड कशा वाजवतात?

९, ११, १३ हे आकडे कुठून आले?

‘पांढरी एक’, म्हणजे सी, हा सा मानावा. सा, ग, प मिळून साधी मेजर कॉर्ड होते. एक स्वर सोडून पुढचा घ्यायचा, हा तिचा नियम. तोच पुढे चालवला की नी येतो, हा सातवा. मग सप्तक ओलांडून वरचा रे येतो. खालच्या सापासून मोजल्यास तो नववा. त्यानंतर म अकरावा आणि ध तेरावा. पंधरावा पुन्हा साच असतो, म्हणून मोजणी १३ वर थांबते. सातव्याच्या पुढे वाढवलेल्या या कॉर्डना ‘एक्स्टेंडेड कॉर्ड’ म्हणतात. नुसता आकडा असेल तर नी कोमल आणि ‘मेजर’ लिहिले असेल तर शुद्ध.

कोणते स्वर सोडता येतात?

कॉर्डची ओळख तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असते. तिसऱ्यावरून मेजर की मायनर ते कळते. सातव्यावरून कॉर्ड विसावणारी आहे की पुढे ओढ घेणारी, याचा अंदाज येतो. हे दोन ठेवायचेच. तानपुऱ्याच्या तारेतून जसा स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसाच पायाच्या स्वरात पंचमही दडलेला असतो. त्यामुळे पाचवा वगळला तरी फारसे बिघडत नाही. सोबत बासवादक असेल, तर पायाचा स्वर तो सांभाळतो.

अकराव्याची गंमत वेगळी. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध ग आणि शुद्ध म यांच्यात अर्ध्या स्वराचेच अंतर असल्याने ते एकमेकांना टोचतात. म्हणून म वगळतात किंवा तीव्र करतात. मायनरमध्ये ग कोमल असल्याने ही अडचण येत नाही.

प्रत्यक्ष कसे वाजवायचे?

‘डी मायनर ९’, ‘जी १३’, ‘सी मेजर ९’ ही जॅझमधली अगदी नेहमीची वाट. पियानोच्या मधल्या सीला मध्य सा मानून डाव्या हाताने असे वाजवावे :

डी मायनर ९ : मंद्र म, मंद्र ध, मध्य सा, मध्य ग
जी १३ : मंद्र म, मंद्र ध, मंद्र नी, मध्य ग
सी मेजर ९ : मंद्र ग, मंद्र प, मंद्र नी, मध्य रे

सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना फक्त सा उतरून नी होतो, बाकी तीन बोटे जागची हलत नाहीत. तिसरीवर जाताना नी तिथेच राहतो आणि उरलेले तीन स्वर एकेक पायरी खाली येतात. यातल्या एकाही कॉर्डमध्ये तिचा पायाचा स्वर नाही, तरी ओळख पुसली जात नाही.

हीच जागा का?

हेच स्वर आणखी एक सप्तक खाली नेले, तर जवळजवळच्या जाड स्वरांचे नाद एकमेकांत मिसळून गढूळ होतात. फार वर नेले तर उजव्या हाताच्या सुरावटीला जागा उरत नाही. मधल्या सीच्या आसपास दोन्ही अडचणी टळतात.

ही पद्धत कोणी रुजवली?

पायाचा स्वर वगळण्याच्या या शैलीशी अमेरिकी पियानोवादक बिल एव्हान्स यांचे नाव विशेष जोडले जाते. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या अल्बममध्ये बहुतेक रचनांत पियानो त्यांचा, तर बास पॉल चेंबर्स यांचा आहे.

एकट्याने वाजवताना काय?

बासवादक नसेल तर डाव्या हाताने पायाचा स्वर घ्यावा आणि तिसरा, सातवा व नववा उजव्या हाताकडे द्यावेत. आधी तिसरा आणि सातवा पक्के करून मग एकेक स्वर वाढवला, तर प्रत्येक स्वराने कॉर्डचा रंग कसा बदलतो, ते कानाला कळू लागते.