पाच तारे आणि आर्वीचा मे महिना

मे महिन्यात विदर्भातल्या आर्वीत पारा ४५ च्या पुढे गेला की रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच असतो. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एसी ही चैन राहत नाही. म्हणूनच त्यावरचा पैसा समजून खर्च व्हायला हवा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा, की पाच तारे घेतले म्हणजे बचत झालीच. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात, ती १६०० तासांच्या वापराची असतात. शेजारचा ‘आयएसईईआर’ हा आकडा म्हणजे हंगामभर मिळालेला गारवा भागिले त्यासाठी लागलेली वीज. हा आकडा ४ असलेला एसी १००० युनिटं घेत असेल, तर ५ वाला तेवढ्याच गारव्यासाठी ८०० घेईल. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला २४०० रुपये वाचले. पण विदर्भातल्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. एसीची खरी गरज जूनमध्ये, हवेत ओल येऊन घामोळं फुटू लागतं तेव्हा. मे महिना कूलरवर काढणाऱ्या घरात एसी ४०० तासच चालला तर बचत उरते ६०० रुपये. किमतीत ८ हजारांचा फरक असेल, तर १६०० तास एसी चालवणाऱ्या घरात तो साडेतीन वर्षांत फिटतो. दुसऱ्या घरात तेरा वर्षं लागतात.

ज्यांचा एसी रोज रात्रभर चालतो, त्यांचा हिशेब उलटा चुकतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. एसीची युनिटं सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. बिलाचा सरासरी दर धरला तर खरी बचत दिसतच नाही.

तारेही कायमचे नसतात. २०१८ मध्ये ४.५ ला पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्यासाठी किमान ५ लागू लागले. म्हणून जुना एसी घेताना ताऱ्यांपेक्षा आकडा वाचावा. शिवाय हा आकडा २४ ते ४३ अंशांच्या हवेसाठी काढलेला असतो. आर्वीतल्या ऐन दुपारी यंत्राला त्याहून जास्त जोर लावावा लागतो. बाहेरचा डबा पश्चिमेच्या उन्हात टांगण्याऐवजी सावलीत, मोकळ्या हवेत बसवला तर तो जोर थोडा हलका होतो.

‘इन्व्हर्टर एसी’ लाइट गेल्यावरही चालतो, असं समजून तो घेणारेही आहेत. त्यात बॅटरी नसते. खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद न होता मंद होतो, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आणि १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ राबत राहतो. ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वरच येतात, ते याच कारणाने. २६ वर ठेवून पंखा लावला तरी झोप लागते. एसीसोबत कूलर मात्र लावू नये: कूलरने हवेत सोडलेली ओल काढण्यातच एसीची वीज जाते.