दोनदा हरल्यावरच बाहेर



शालेय खो-खो, कबड्डीचे सामने आपल्याकडे बहुधा बाद पद्धतीने होतात. सकाळी नऊला हरलेला संघ साडेनऊला प्रेक्षक झालेला असतो. मग एखादा खेळाडू येऊन विचारतोच, "सर, अजून एक सामना नाही का मिळणार?" अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये हा दुसरा सामना अनेक ठिकाणी मिळतो. कसा, ते आज सांगतो.

तेथील महाविद्यालये 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असतात. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो आणि मे महिन्याच्या अखेरीस बहुतेक गट आपापली अजिंक्यपद स्पर्धा भरवतात. विजेत्याला ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. बलाढ्य गटांतील चांगले संघ समितीकडून निवडले जातातच. लहान गटातल्या संघाला मात्र बहुधा हाच एक दरवाजा असतो. तीन महिन्यांची मेहनत चार-पाच दिवसांत पणाला लागते, आणि शेवटच्या वर्षाच्या बहुतेक मुलांसाठी तो आयुष्यातला शेवटचा मोठा सामना ठरतो.

म्हणूनच अनेक गटांनी 'दुहेरी बाद' पद्धत स्वीकारली. एकदा हरलेला संघ पराभूतांच्या फळीत जातो व तेथून जिंकत जिंकत अंतिम सामना गाठू शकतो. दुसऱ्यांदा हरला की घरी. अंतिम सामन्यात एकदाही न हरलेल्या संघाला मात्र दोनदा हरवावे लागते.

गणिताची आवड असणाऱ्यांनी येथे थांबावे. आठ संघ असतील तर सामने किती? प्रत्येक सामन्यात एक पराभव होतो. सात संघ दोनदा हरून बाहेर पडणार, म्हणजे १४ पराभव. विजेताही कदाचित एकदा हरलेला असेल. म्हणून सामने १४ किंवा १५. साध्या बाद पद्धतीत केवळ ७.

ही दुसरी संधी फुकट नसते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या खांद्यावर व कोपरावर फार ताण येतो. सामन्याची सुरुवात करणारा मुख्य पिचर सहसा आठवड्यातून एकदाच उतरतो. लवकर हरलेल्या संघाला कमी दिवसांत जास्त सामने खेळावे लागतात, आणि ताजे हात संपत जातात. अशा वेळी कोणाला आज उतरवावे आणि कोणाला उद्यासाठी राखावे, यातच प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते.

अलाबामा राज्यातील हूवर येथे भरणाऱ्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या प्रसिद्ध स्पर्धेने २०२५ मध्ये १६ संघ घेऊन साधी बाद पद्धत आणली. दिवस मोजके, संघ जास्त. कारण समजते, पण मला काही ते रुचले नाही.

आता २००८ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो स्टेटने वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. तोवर हा संघ २७ सामने हरलेला होता. राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात चार-चार संघांच्या १६ उपगटांनी होते. त्यांच्या उपगटात त्यांना चौथे, म्हणजे शेवटचे, मानांकन मिळाले. तेथे ते एकदा हरले, तरी उपगट जिंकला. पुढे ॲरिझोना स्टेटविरुद्ध तीन सामन्यांची फेरी होती. पहिला हरले, पुढचे दोन जिंकले. ओमाहा शहरातील शेवटच्या आठ संघांत पुन्हा एकदा हरले आणि पुन्हा उभे राहिले. जॉर्जियाविरुद्ध अंतिम फेरीही तीन सामन्यांची होती. पहिला ७-६ असा गमावला. दुसऱ्यात ५-० असे मागे पडूनही १९-१० ने जिंकले. २५ जूनला तिसरा सामना त्यांनी ६-१ असा जिंकला. त्या सहाही धावा स्टीव्ह डेटवायलरच्या फटक्यांवर आल्या, आणि त्याच्या अंगठ्याचा स्नायुबंध तेव्हा फाटलेला होता.